रंगाचा दुसरा हात

१

न्हाणीघराच्या दाराची कडी उखडली, तेव्हा सर्वांत आधी बाहेर आली ती वाफ. आत गरम पाणी अजून वाहत होते. दार फोडणारे घरमालक, ज्यांना सारी गल्ली 'काका' म्हणत असे, तोंडावर बाही धरून आत शिरले. त्यांच्या मागोमाग निघालेल्या पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंना त्यांनी हातानेच अडवले.

"मॅडम, तुम्ही मावशींना धरा. बाहेरच्या खोलीत न्या आणि डॉक्टरांना फोन लावा. इथलं मी बघतो."

सूचनेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. बाईंची सारी नोकरी कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारे वायू मोजण्यात गेली होती आणि त्या कामाचा पहिला नियमच असा, की कोंडलेल्या जागेत एकाने शिरायचे, बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. त्या नोकरीमुळेच गल्लीने त्यांचे 'मीटरबाई' असे बारसे केले होते. ते आधी पाठीमागे चालत असे. निवृत्तीनंतर तोंडावरही चालू झाले आणि त्यांनी ते चालू दिले.

मीटरबाईंनी म्हाताऱ्या मावशींना खुर्चीत बसवले आणि फोन केला. त्या परत आल्या तोवर काकांनी मावशींच्या लेकीला ओढून पॅसेजमध्ये आणले होते आणि तिच्यावर चादर टाकली होती. उघड्या राहिलेल्या चेहऱ्यावर गाल गुलाबी दिसत होते, निरोगी माणसाचे असतात त्याहून अधिक गुलाबी. त्या रंगाचा अर्थ मीटरबाईंना ठाऊक होता. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. रंग तो माणसाला देऊन जातो.

गॅसचा गीझर बंद केला आहे की नाही, हे पाहायला त्या आत गेल्या. तो बंद होता, नळही बंद होता. भिंती निथळत होत्या आणि क्षणात चष्म्यावर इतकी वाफ साचली की समोरची बादली दिसेना. तेवढ्यात काकांनी त्यांच्या हातात कापडाचा एक घडी घातलेला तुकडा ठेवला.

"हे बघा. वरच्या झरोक्यात कोंबलेलं होतं. ओढून काढलं, तेव्हा कुठे हवा आली."

मीटरबाईंनी हातात आलेल्या त्या कापडाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वर पाहिले. झरोक्याच्या काचपट्ट्यांमधून सकाळचा उजेड आत येत होता. मग त्यांनी पॅसेजमधल्या चेहऱ्याकडे पाहिले. आता तो स्पष्ट दिसत होता.

बाहेरच्या खोलीतून मावशींचा आवाज आला. "शुद्धीवर आली का हो ती?"

उत्तर द्यायला काकाच पुढे झाले. मावशींसमोर उभे राहून ते हळुवारपणे म्हणाले, "मावशी, तुम्ही ते फडकं काढायला विसरलात."

२

चौकशी एकाच दुपारी आटोपली. पोलीस ठाण्यातले फौजदार वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याजवळ कारण होते, फडके होते आणि 'मीच केलं असणार' असे स्वतःच म्हणणारी एक म्हातारी होती. इतक्या गोष्टी एकमेकींत चपखल बसल्यावर आणखी काही शोधावे, असे कुणाला वाटत नाही.

मावशींची सवय सर्वांना माहीत होती. गीझरचे त्यांना भय वाटे. त्या स्वयंपाकघरात पाणी तापवून दुपारी अंघोळ करत आणि वाऱ्याची झुळूक अंगावर येऊ नये म्हणून जुन्या चादरीचा तुकडा झरोक्यात खुपसत. अंघोळ झाली की काढून ठेवत. त्यावरून मायलेकींची नेहमी जुंपायची. लेक गल्लीच्या टोकाचे वाचनालय चालवी. तिथे दिवसभर कुजबुजत बोलावे लागे, त्याची भरपाई ती घरी करत असावी. ते फडके पाऊण गल्लीला ऐकून पाठ झाले होते.

काकांनी उरलेल्या पाव गल्लीची सोय केली. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ते फाटकातच गाठत. "म्हातारपण वाईट हो. फडकं राहून गेलं त्यांच्या हातून. तुम्ही वर जाऊन काही बोलू नका हं त्यांना." न बोलण्याची ही विनंती ते इतक्या जणांना करत, की वर येणारा प्रत्येक जण गप्प बसे आणि मावशी त्या गप्प चेहऱ्यांकडे पाहत बसत.

एक व्यक्ती मात्र बोलली होती. लेकीची मुलगी परगावी शिकत होती. ती आली ती जिन्यापर्यंतच. "आजी, तुला आईनं शंभरदा सांगितलं होतं," एवढेच बोलून ती मागे फिरली आणि आत्याकडे उतरली. त्यानंतर तिने आजीचा फोन उचलला नव्हता. मावशींना आता जगात तेवढी एकच होती.

मीटरबाई रोज दुपारी वर जाऊन चहा करत. एके दिवशी त्यांनी सरळच विचारले, "मावशी, आदल्या दिवशी अंघोळीनंतर तुम्ही फडकं काढलं होतं का?"

"काढलं असेल. धुऊन स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलं असेल. नाहीतर नसेलही."

"असेल-नसेल नको. आठवतं काय तेवढं सांगा."

"टांगलेलं आठवतं. पण बाई, मी परवा घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली आणि तुम्हाला वर बोलावून शोधायला लावली. माझ्या आठवणीवर माझ्या नातीचा विश्वास नाही, मग मी तरी का ठेवू?"

"रडा तरी एकदा. नाहीतर भांडा कुणाशी."

"कुणाशी भांडू? भांडणारी गेली." मावशींनी कप खाली ठेवला. "काका म्हणत होते, महिनाअखेरीस जागा सोडा. एकट्या बाईनं गॅसपाशी राहायचं म्हणजे सगळ्या इमारतीला धोका. बरोबरच आहे त्यांचं."

मीटरबाई कप विसळायला गेल्या. नळाचे पाणी उडून चष्म्यावर आले. ओट्यावरच्या ओल्या फडक्याने त्यांनी काचा पुसल्या, तर त्यांवर पांढुरके ओघळ उमटले. त्यांनी पुन्हा पुसल्या, तशा त्या आणखी माखल्या.

मीटरबाई तशाच उभ्या राहिल्या. नळ वाहत राहिला. निथळत्या न्हाणीघरात, सर्वांत उंच आणि सर्वांत गार जागी, जिथे वाफ प्रथम पाणी होते, तिथे रात्रभर आणि सकाळभर कोंबून बसलेल्या फडक्याने त्या दिवशी त्यांचा चष्मा लख्ख कसा पुसला गेला होता?

३

शंका म्हणजे सिद्धता नव्हे, हे मीटरबाई इतरांना ऐकवत आल्या होत्या, आता स्वतःला ऐकवू लागल्या. कदाचित कोरडी बाजूच हाती आली असेल. कदाचित वाफ तिथवर पोहोचलीच नसेल. त्यांचे न्हाणीघर मावशींच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली, त्याच मापाचे, तसाच झरोका असलेले. त्यांनी जुन्या चादरीचा तुकडा फाडून काचपट्ट्यांत खुपसला, शेगडीवर पातेली उकळली, कढत पाणी बादल्यांत ओतले आणि दार ओढून घेतले. दार उघडले तेव्हा फडके टपटपत होते. घडी बदलून पाहिली, पसरून पाहिले, कमी पाणी घेऊन पाहिले. कसेही केले तरी फडके पिळून काढण्याजोगे होई आणि त्याने पुसलेला चष्मा घालून भिंत आणि दार यांतला फरकही कळत नसे.

म्हणजे फडके झरोक्यात नव्हतेच. ते काकांनी दुसरीकडून आणले होते. पण मग झरोका उघडा होता, आणि उघडा झरोका असताना ती गेली कशी? एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो, याची त्यांना सवय होती. या वेळी मात्र त्यांना शांतपणे विचार करता येईना. त्याचे कारण राग आहे, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

गीझर दुरुस्त करणाऱ्याचे दुकान कोपऱ्यावरच होते. मीटरबाईंना पाहताच त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मॅडम, माझ्यावर ढकलायला आला असाल तर आधीच सांगतो, बर्नर मी नुकताच साफ केला होता. ज्योत निळी. फौजदारसाहेबांनीही माणूस आणून तपासून घेतली."

"ढकलायला नाही आले. मला एवढंच सांगा, झरोका उघडा असता तर?"

"तर ताई आज वाचनालयात बसून माझ्याकडून उशिराच्या पुस्तकाचा दंड घेत असत्या." तो हसला आणि लगेच पाना उचलून पुसू लागला. "उघड्या झरोक्यात तो गीझर काही करणार नाही. सगळं बंद केलं तर कुठलाही गीझर माणूस मारतो. म्हणून तर तो न्हाणीघरात नको. बाहेर गॅलरीत हवा."

"मग आत का होता?"

"मी बसवला नाही हो. ताई माझ्या मागंच लागल्या होत्या, बाहेर हलवून द्या म्हणून. म्हटलं, मालकांची परवानगी आणा. त्या गेल्या विचारायला, एकदा सोडून अनेकदा."

"आणि?"

"नव्यानं रंगवायच्या भिंतीला भोक पाडू देणार नाही म्हणाले. फार भीती वाटत असेल तर दुसरं घर बघा, म्हणाले. तेव्हापासून बोलणंच बंद होतं दोघांचं. जिन्यात भेट झाली तरी हे वर बघायचे आणि त्या खाली."

नव्यानं रंगवायची भिंत. मीटरबाई दुकानातून निघाल्या त्या घरी न जाता इमारतीच्या मागच्या बोळात गेल्या. मागच्या भिंतीला फिकट पिवळ्या रंगाचा एकच हात दिलेला होता. मृत्यू झाला त्या सकाळपासून काकांनी काम थांबवले होते. दुखवटा म्हणून, असे ते सांगत, आणि गल्लीला त्याचे कौतुक होते.

काका बोळातच उभे होते. मान उंचावून, कानाला फोन लावून ते सांगत होते, "आता किती दिवस थांबायचं? उद्या सकाळीच या आणि दुसरा हात मारून टाका. सुरुवात दुसऱ्या मजल्यापासून करा. न्हाणीघराच्या झरोक्यापासून."

४

मीटरबाईंनी मावशींकडून स्टूल मागून घेतले आणि न्हाणीघराचे दार लावले.

झरोक्यात एकावर एक अशा दुधी काचेच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीची एक बाजू खरखरीत, दुसरी गुळगुळीत. मीटरबाईंच्या झरोक्यात खरखरीत बाजू बाहेर होती, बसवणाऱ्याने सगळीकडे तशीच ठेवली होती. इथेही खालच्या पट्ट्यांची खरखरीत बाजू बाहेर होती. वरच्या दोन पट्ट्यांची मात्र आत होती. काचपट्टी आपण होऊन कूस बदलत नाही. त्या दोन कुणीतरी घाईने उपसून काढल्या होत्या आणि घाईनेच उलट्या बसवल्या होत्या.

त्यांनी त्याच दोन पट्ट्या सरकवून काढल्या, हातात छोटा आरसा धरून तो बाहेर काढला आणि त्यात बाहेरची भिंत पाहिली.

रंगाच्या यंत्राने भिंतीवर फवारा मारायचा असला, की रंगारी आधी झरोक्यांवर आणि खिडक्यांवर प्लास्टिक ताणून कडेने टेप लावतात. लेक गेली त्याच्या आदल्या दिवशी मीटरबाईंच्या झरोक्यालाही ते लावले होते. परांचीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याने 'आज इथं गीझर लावू नका' असे खिडकीतून सांगितले होते आणि संध्याकाळी प्लास्टिक काढूनही नेले होते. तिथे रंगाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ उमटली होती. तळमजल्यावर काकांच्या झरोक्याचीही तशीच होती. दुसऱ्या मजल्यावर मात्र ती कड जागोजाग उचकटली होती. रंगाचे पापुद्रे सालीसारखे निघून खालचा जुना रंग उघडा पडला होता. एका कोपऱ्यात टेपचे वेटोळे चिकटून राहिले होते आणि त्याच्या टोकाशी धूसर प्लास्टिकची चिंधी वाऱ्याने हलत होती.

मीटरबाईंनी तिला हात लावला नाही. फोनने छायाचित्रे घेतली, जवळून आणि लांबून.

"स्टुलावर चढून काय चाललंय, मॅडम?"

काका दारात उभे होते. कडी तुटलेल्या दाराला आतून बंद करण्याची सोय उरली नव्हती.

"काचा पुसतेय," मीटरबाई म्हणाल्या.

"भाड्याच्या घरातल्या काचा पुसायला दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू खालच्यांना बोलावतात, हे नवीनच ऐकलं." आवाज नेहमीसारखाच लोण्याचा होता. "तुमचा करारही पुढच्या महिन्यात संपतो, नाही का? एकदा बसून बोलू आपण. मला काय, तुमच्यासारखे शांत लोक हवेच असतात."

"शांत असण्याबद्दल मी विचार करेन," मीटरबाई म्हणाल्या आणि पट्ट्या जशा होत्या तशाच, उलट्या, परत बसवल्या.

जिन्याखाली रंगाचे अर्धवट वापरलेले डबे ठेवलेले होते. त्यांतून वाटीभर रंग आणि बाजूला पडलेले टेपचे रीळ घेऊन त्या घरी आल्या. फरशीच्या दोन तुकड्यांवर त्यांनी टेप लावला आणि वरून रंग दिला. एका तुकड्यावरचा टेप रंग ओलसर असतानाच ओढला. दुसऱ्यावरचा तसाच राहू दिला.

आता फक्त सकाळ व्हायची होती. आणि रंगारी परांचीवर चढण्याआधी त्याला गाठायचे होते.

५

रंगाऱ्याला मीटरबाईंनी फाटकापाशीच धरले आणि आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवले. टेबलावर दोन फरशा होत्या.

"दुसऱ्या मजल्यावरच्या झरोक्याचं प्लास्टिक कधी काढलं?"

"त्याच संध्याकाळी. तुमचं काढलं तेव्हाच." उत्तर तयार होते.

"बरं. या फरशीवरचा टेप काल रंग ओला असतानाच काढला. कड बघा. आता ही दुसरी. हिच्यावरचा रंग रात्रभर वाळलाय. काढा टेप."

रंगाऱ्याने टेपचे टोक धरून ओढले. टेपबरोबर रंगाचा पापुद्रा फाटत आला आणि कडेचे लचके निघाले. मीटरबाईंनी फोन त्याच्यासमोर धरला. झरोक्याच्या कडेचे लचके आणि फरशीवरचे लचके शेजारी शेजारी दिसत होते.

रंगाऱ्याने टेपचा बोळा करून टेबलावर ठेवला.

"उजेड गेला होता," तो म्हणाला. "वरच्या झरोक्याचं काढायला परांचीवर चढत होतो, तर काका म्हणाले, सकाळी तिथूनच दुसरा हात सुरू करायचाय, पुन्हा प्लास्टिक कशाला वाया घालवता? राहू द्या. मी म्हटलं त्यांना, मालक, आत गॅसचा गीझर आहे, वरच्या माणसांना सांगून ठेवा. सांगतो म्हणाले. आईशप्पथ, 'सांगतो' म्हणाले."

"तुम्ही स्वतः दार वाजवून का नाही सांगितलंत? मला सांगितलं होतंत."

"तुम्ही खिडकीत होतात म्हणून बोललो. त्यावरून बोलणी खाल्ली ना. भाडेकरूंशी तुम्ही बोलायचं नाही, ते काम थांबवतात, असं म्हणाले."

"दुसऱ्या दिवशी आलात तेव्हा प्लास्टिक नव्हतं."

"नव्हतं. विचारलं, तर म्हणाले पोलिसांनी काढलं. मला तेव्हाच..." तो थांबला.

"तेव्हाच काय?"

"पोलीस परांचीवर चढत नाहीत हे मला कळतं, मॅडम. पण या गल्लीतली सगळी घरं मला काकांच्या शब्दावर मिळतात."

मीटरबाई इतका वेळ आवाज खाली ठेवून बोलत होत्या. आताही त्यांनी तो चढवला नाही, पण प्रत्येक शब्द दातांतून सुटून येत होता. "वर एक बाई बसलीय. पोटच्या मुलीला आपण मारलं असं ती रोज सकाळी उठून स्वतःला सांगते. तिला हे काकांच्या शब्दावर मिळालं, आणि तुमच्या गप्प बसण्यावर. तुम्हाला घरं मिळाली. हिशेब पटतोय का तुम्हाला?"

रंगाऱ्याने समोरची फरशी दूर सारली.

"मी फौजदारांना बोलावलंय. काकांनाही वर बोलावलंय, जागा सोडण्याविषयी बोलायचंय असं सांगून. तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात की मी तुम्हालाही पोलिसांकरवी बोलावू?"

वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. काका आधीच पोहोचले होते.

६

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. काका त्यांच्याशी सामान हलवणाऱ्या टेंपोविषयी बोलत होते. मागून फौजदार आले, मग मीटरबाई आणि सर्वांत शेवटी रंगारी. त्याला पाहून काकांचे टेंपोचे वाक्य अर्धेच राहिले.

"मॅडम, थोडक्यात सांगा," फौजदार म्हणाले. "या प्रकरणात आता राहिलंय काय?"

"फडकं राहिलंय. ते त्या झरोक्यात कधी नव्हतंच." मीटरबाईंनी फोन आणि दोन फरशा स्टुलावर मांडल्या. "वाफेनं भरलेल्या खोलीतलं फडकं कोरडं राहत नाही. काकांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी त्यानं चष्मा पुसला आणि तो स्वच्छ झाला. माझं न्हाणीघर खाली आहे, तुम्ही स्वतः करून बघा. ते फडकं मावशींनी आदल्या दिवशी धुऊन स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलं होतं आणि ते तिथंच होतं. म्हणजे हवा दुसऱ्या कशानं तरी अडली होती. ते काय होतं, ते हे रंगारी सांगतील."

रंगाऱ्याने सांगितले. खाली पाहत सांगितले, पण सगळे सांगितले.

"हा माणूस काहीही बोलेल," काका म्हणाले. "त्याचंच काम अर्धवट होतं, तो माझ्यावर ढकलणारच. आणि समजा, राहिलं असेल प्लास्टिक रात्रभर. सकाळी लवकर येऊन यानंच काढलं नसेल कशावरून?"

"बाहेरून परांचीवर उभं राहून काढलं असतं, तर आतल्या काचपट्ट्यांना हात लावायची गरज नव्हती," मीटरबाई म्हणाल्या. "वरच्या दोन पट्ट्या उलट्या बसल्यात. त्या आतून काढल्या आणि आतूनच लावल्या. दार फोडल्यावर आत तुम्ही एकटेच होतात, कारण मला तुम्ही फोन करायला पाठवलं होतंत."

फौजदार उठून न्हाणीघरात गेले. पट्ट्यांवरून बोट फिरवल्याचा खरखर आवाज आला. परत आले तेव्हा ते काकांच्या शेजारच्या खुर्चीवर न बसता समोर उभे राहिले.

"बोला," ते म्हणाले.

काकांनी रुमाल काढला, घडी मोडली आणि पुन्हा घातली. "हवा आत यावी म्हणून मी ते फाडलं. तिचा जीव वाचावा म्हणून. हे कुणी लक्षात घेत नाही."

"मी घेते," मीटरबाई म्हणाल्या. "त्या क्षणी तुम्ही माणूस होतात. मग हातातलं प्लास्टिक तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही घरमालक झालात. प्लास्टिक कुठंतरी लपवलंत, पट्ट्या लावल्यात आणि दारामागचं फडकं उचललंत. आदल्या संध्याकाळी यायचं होतं ते दोन जिने तुम्ही चढला नाहीत. का, तर दार तिनं उघडलं असतं आणि गीझर बाहेर कधी हलवताय, असं पुन्हा विचारलं असतं."

"सतत तेच तेच विचारायची ती," काका एकदम म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून थांबले. मग ते मावशींकडे वळले. तोच लोण्याचा आवाज परत आला. "मावशी, सांगायचं राहून गेलं. चूक झाली. माणूस म्हटलं की चूक होते हो."

मावशी इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. जे ऐकले ते त्यांच्यापर्यंत पोहोचले की नाही, याची मीटरबाईंना शंका होती. त्यांना वाटले होते, आता मावशी रडतील, हलक्या होतील. मावशी रडल्या नाहीत. त्या उठून काकांसमोर आल्या. त्या इतक्या सरळ उभ्या राहू शकतात, हे मीटरबाईंनी कधी पाहिले नव्हते.

"तिला सांगायचं राहून गेलं तुमचं," मावशी म्हणाल्या. "मला सांगायचं नाही राहिलं. मला तुम्ही लगेच येऊन सांगितलंत. अंग गार पडायचं होतं तिचं अजून."

काकांच्या हातातला रुमाल स्थिर झाला.

"मी उपास धरल्यासारखी जेवण टाकून बसले. तुम्ही डबा पाठवलात. मी म्हटलं, केवढा मोठा माणूस. माझ्या मुलीला मी मारलं आणि हा मला जेवायला घालतो." त्यांचा आवाज चढला नाही, नुसता टणक होत गेला. "फोन काढा."

"कुणाला करायचाय?"

"माझ्या नातीला. माझा ती उचलत नाही. तुमचा उचलते, तुम्हीच मागं सांगितलंत ना, मी तिची चौकशी करत असतो म्हणून? लावा."

काकांनी फौजदारांकडे पाहिले. "साहेब, हे असं फोनवर... माझ्या वकिलाशी बोलल्याशिवाय मी काही..."

"ठाण्यात तुम्ही वकिलाशी बोला, जबाब द्या, काय हवं ते करा," फौजदार म्हणाले. "हा फोन मी मागत नाहीये. या मागताहेत. तुम्ही नाही लावलात तर मी लावीन."

काकांनी फोन लावला. मावशींनी खूण केली, तसा त्यांनी आवाज मोठा करून तो स्टुलावर, फरशांच्या शेजारी ठेवला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एक तरुण, थकलेला आवाज आला.

"हां काका, बोला." आणि क्षणभर थांबून, "आजी बरी आहे ना?"

मीटरबाईंनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिले. मावशींनी नुसते बोट काकांकडे केले.

"बेटा, एक सांगायचं होतं," काका म्हणाले. "त्या दिवशी... ते फडकं..."

"पुढं," मावशी म्हणाल्या.

"ते फडकं झरोक्यात नव्हतं. तुझ्या आजीनं काढलेलं होतं. मी... बाहेरून प्लास्टिक लावलं होतं. रंगासाठी. ते सांगायचं होतं वर, आणि मी..."

"पुढं."

पलीकडे खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज आला आणि मुलगी म्हणाली, "आजी कुठंय? काका, आजीला फोन द्या. आत्ता द्या. आजी?"

मीटरबाईंनी फोन उचलून मावशींपुढे धरला. मावशींनी तो घेतला, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. नातीचा आवाज त्यांच्या पदरातून येत राहिला. मग त्यांनी फोन तोंडाशी नेला.

"इथंच आहे गं मी," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस. आधी ह्यांचं सांगून पुरं होऊ दे."

आणि त्यांनी फोन पुन्हा काकांसमोर ठेवला.